व्याख्यान ऐकायलाही शिकवावं लागतं



डिसेंबर-जानेवारी आला की महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाच्या जोडीला व्याख्यानमालेची गडबड सुरू होते. बॅनर छापायला जातो, शाल-श्रीफळ येतं, ध्वनिक्षेपकवाल्याला फोन होतात. मग नोटीस फिरते, ‘सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य’. बस्स, तयारी झाली! मीही कित्येक वर्षं असंच समजत होतो. एका प्रसंगानं माझे डोळे उघडले, तो आधी सांगतो.

आमचं महाविद्यालय उसाच्या पट्ट्यातलं. व्याख्यानमालेची जबाबदारी त्या वर्षी माझ्याकडे होती. एक नामवंत मृदाशास्त्रज्ञ मोठ्या मिनतवारीनं आले. तासभर सुंदर बोलले. शेवटी म्हणाले, ‘‘कुणाला काही विचारायचंय?’’ सभागृहात चिडीचूप. मागच्या रांगेत कुजबुज आणि मोबाईलचा उजेड. मी घाईघाईनं आभार उरकले.

पाहुणे गाडीत बसायला निघाले, तर अकरावीतला एक मुलगा धावत आला. ‘‘सर, आमच्या रानात पांढरं फुटतंय, ऊस पिवळा पडतोय. वडील म्हणत्यात जिप्सम टाकू. टाकावं का?’’

पाहुणे थांबले. म्हणाले, ‘‘नुसतं पांढरं फुटलंय म्हणून जिप्सम टाकू नका. आधी माती तपासून घ्या. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, तर चर काढून पाण्याचा निचरा करायचा आणि चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढायचे. जमीन चोपण असेल तर जिप्समचा उपयोग होतो, पण निचरा तिथंही लागतोच.’’ गाडीपाशी उभ्या उभ्या दहा मिनिटं ही शिकवणी चालली.

त्या सभागृहातल्या निम्म्या मुलांच्या घरचा हा प्रश्न होता, पण उत्तर एकट्यानं ऐकलं. मी त्याला विचारलं, ‘‘अरे, मघाशी का नाही विचारलंस?’’ तो म्हणाला, ‘‘सगळे हसले असते सर. आणि असलं घरचं विचारायचं असतं, हे कुठं माहीत होतं?’’

चूक त्याची नव्हती, माझी होती. वक्ता मी आणला होता, श्रोता मात्र तयार केलाच नव्हता.

व्याख्यानमाला कशासाठी?

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. शाळा-कॉलेज ज्यांच्या वाट्याला आलं नाही, त्यांनीही येऊन बसावं आणि विचार ऐकावा, ही त्यामागची मोठी सोय. पुढं गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या.

पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बॅरिस्टर जयकर व्याख्यानमाला होते, ती तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मुकुंदराव जयकर हे १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ही माला बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत चालते. ‘बहिःशाल’ हा शब्द मुलांना जरूर फोडून सांगा. बहिः म्हणजे बाहेर आणि शाला म्हणजे शाळा. शाळेच्या भिंतीबाहेर जाणारं शिक्षण! म्हणजे ही व्याख्यानं फक्त पटावरच्या मुलांची नाहीत, ती गावाचीही आहेत. पालकहो, तुम्हीसुद्धा येऊन बसू शकता. किती जण येतो आपण?

एका श्रोत्याची गोष्ट

वर्गात मी ही गोष्ट हमखास सांगतो. लंडनमध्ये लोहाराचा एक मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. शालेय शिक्षण जेमतेम. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाईकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते होते प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही. मुलानं चार व्याख्यानं ऐकली, टिपणं घेतली. घरी येऊन ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातानं त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. १८१३ साली त्याला त्याच संस्थेत प्रयोगशाळेत काम मिळालं. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे.

१८२५ साली त्याच संस्थेत मुलांसाठी नाताळच्या सुट्टीतली व्याख्यानं सुरू झाली. फॅरडे यांनी पुढं ती अनेक वर्षं स्वतः दिली. एका साध्या मेणबत्तीवरची त्यांची व्याख्यानमाला तर जगभर गाजली.

आपल्या प्रत्येक मुलाचा फॅरडे होणार नाही, हे मान्य. पण डेव्हींसमोर त्या दिवशी शेकडो लोक बसले असतील. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या असतील. घरी जाऊन वही उघडणारा मात्र वेगळा ठरला. ही सवय लावणं आपल्या हातात आहे.

आम्ही काय बदललं?

*व्याख्यानाआधी.* आठवडाभर आधी वर्गात पंधरा मिनिटं फक्त वक्ता आणि विषय यांवर बोलतो. वक्त्यांनी काय काम केलंय, ते मुलंच शोधून आणतात. प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एक प्रश्न घेतो, नाव न लिहिता. त्यामुळे हसू होण्याची भीती जाते. प्रश्न कसा असावा, याचे तीन नमुने फळ्यावर लिहून देतो:

१. मला हे समजलं नाही. (‘क्षारयुक्त आणि चोपण जमिनीत फरक काय?’)
२. आमच्याकडे असं घडतं, ते का? (‘आमच्याच रानात पांढरं का फुटतं?’)
३. तुमचं म्हणणं मला पटत नाही, कारण... (हा प्रश्न नम्रपणे, पण जरूर विचारावा.)

यातल्या निवडक चिठ्ठ्या पाहुण्यांना आधीच पाठवतो. त्यांनाही समोर कोण बसणार आहे, ते कळतं. एक पाहुण्या तर म्हणाल्या, ‘‘या चिठ्ठ्या वाचून मी माझं भाषणच बदललं.’’

*व्याख्यान चालू असताना.* वहीच्या एका पानाचे तीन भाग करायला सांगतो: नवीन काय कळलं, काय पटलं नाही आणि काय विचारायचंय. प्रत्येक वाक्य उतरवून घेऊ नका, असंही बजावतो. नाहीतर मुलं लिहीत राहतात आणि ऐकणं राहून जातं. सत्कार आणि प्रास्ताविक दहा मिनिटांत संपवतो. वाचलेली वीस मिनिटं प्रश्नांना. पहिला प्रश्न चिठ्ठीतला, मी वाचतो. मग हळूहळू हात वर होतात.

*व्याख्यानानंतर.* दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला दहा ओळी लिहायच्या. ‘वक्त्यांनी छान मार्गदर्शन केले’ हे वाक्य बाद! त्याऐवजी कालची एक गोष्ट सांगा, जी तुम्ही घरी कुणाला तरी सांगितलीत. लिहून ठेवण्याचं मोल सांगताना मी एक उदाहरण देतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर काळे स्मृती व्याख्यान दिलं. ते छापलं गेलं, म्हणून आजही आपण वाचू शकतो. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं उरतं.

पालकांसाठी दोन शब्द

मूल घरी आलं की ‘कार्यक्रम कसा झाला?’ असं विचारू नका. ‘बरा झाला’ असं उत्तर येईल आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारा, ‘‘तू काय विचारलंस?’’ काहीच विचारलं नसेल तर रागावू नका. ‘‘विचारायचं असतं तर काय विचारलं असतंस?’’ एवढं म्हणा. जेवताना दहा मिनिटं पुरतात.

हे सगळं पहिल्याच वर्षी साधलं असं नाही. सुरुवातीला चिठ्ठ्यांत टवाळीही आली, कोऱ्या चिठ्ठ्याही आल्या. आजही मागची रांग मागचीच आहे. पण आता ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर सभागृह गप्प राहत नाही.

आणि तो मुलगा? पुढच्या वर्षी बारावीत असताना तो माईकपाशी पहिला उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, माझा प्रश्न घरचाच आहे. चालंल ना?’’

सभागृहात कुणीही हसलं नाही.