छायाचित्रांच्या कामास संगणक कसा निवडावा

गेल्या दिवाळीच्या सुटीत औसा तालुक्यातील एक पालक आपल्या मुलास घेऊन नांदेडास आमच्या घरी आले. मुलगा आमचा माजी विद्यार्थी. तो लग्नसमारंभांची छायाचित्रे काढू लागला होता व ती सुधारण्याकरिता त्यास संगणक हवा होता. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून तो घ्यावयाचा, म्हणून दुकानात लिहून मिळालेली यादी त्यांनी आम्हांस दाखविली. यादीत काचेची पेटी होती, तीत रंगीत दिवे होते, खेळांसाठी नावाजलेले महागडे ग्राफिक्स कार्ड होते. आणि सर्वांत स्वस्त वस्तू कोणती, तर मॉनिटर! बडे घर पोकळ वासा, असे आम्ही मनात म्हणालो. शेतकऱ्याच्या हाती असा पैसा पुन्हा येण्यास वर्ष लागते. तेव्हा यादी नव्याने लिहावयास बसलो. त्या वेळी जे बोलणे झाले ते इतर पालकांसही उपयोगी पडेल.

छायाचित्र सुधारणारा जे काही ठरवितो ते मॉनिटरकडे पाहून ठरवितो. तोच खोटे बोलू लागला तर बाकीचे यंत्र कितीही वेगवान असो, व्यर्थ होय. मॉनिटर आयपीएस जातीचा असावा, म्हणजे मान थोडी वळविताच रंग पालटत नाहीत. आणि एसआरजीबी नावाची प्रमाणित रंगमर्यादा त्याने जवळजवळ पूर्ण दाखवावी. आकार 24 किंवा 27 इंच पुरे. येथे आमचीच फजिती सांगतो. एका स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आम्ही मोठ्या हौसेने सुधारली. छापून आली तो मुलींच्या चेहऱ्यांवर जणू संध्याकाळ उतरलेली! छापणाऱ्यास आम्ही मनोमन दोष दिला, परंतु दोष आमचा होता. मॉनिटरचा उजेड आम्ही पूर्ण वाढवून ठेविला होता, म्हणून काळपट चित्रही आम्हांस उजळ भासले. कागद स्वतः प्रकाश देत नाही, हे विसरू नये. छापलेले एक चित्र शेजारी धरून उजेड त्याच्या बेताने कमी करावा, व खिडकीचे ऊन मॉनिटरवर पडू देऊ नये.

आता स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. 24 मेगापिक्सेलच्या चित्रात 2 कोटी 40 लक्ष बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचे तीन रंग व प्रत्येक रंगास 2 बाइट धरल्यास एकाच थरास 14 कोटी 40 लक्ष बाइट, म्हणजे सुमारे 144 मेगाबाइट लागतात. असे सात-आठ थर चढविले की एक गिगाबाइट संपला. शिवाय मागे फिरता यावे म्हणून संगणक प्रत्येक पायरी लक्षात ठेवितो ते निराळेच. रॅम भरली की तो डिस्कवर लिहू लागतो आणि काम रखडते. म्हणून नित्य काम करणाऱ्याने 16 गिगाबाइटांहून कमी रॅम घेऊ नये; 32 घेता आल्यास उत्तम, आणि न आल्यास मदरबोर्डवर मोकळी खाच आहे की नाही एवढे तरी विचारून घ्यावे.

प्रोसेसर अलीकडच्या पिढीचा, सहा किंवा आठ कोअरांचा असला म्हणजे भागते. ग्राफिक्स कार्डाविषयी आमचे मत असे की, चित्रातील दाणेदारपणा कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने काढावयाचा असेल तेथे त्याचा मोठा उपयोग होतो; उजेड, रंग, कातरकाम यांस साधे कार्डही चालते. ते मागाहून बसविता येते. गिंप व डार्कटेबल ही साधने विनामूल्य असल्याने आरंभी त्यांवरच हात बसवावा.

आमच्याकडील वीज लहरी आणि वैशाखातील ऊन 40 अंशांच्या वर जाणारे. यूपीएस नसेल तर अर्धे झालेले काम एका क्षणात जाते. पेटीस हवा खेळण्यास जागा हवी, व आतील धूळ वरचेवर झाडावी.

एवढे झाल्यावर त्या पालकांनी पिशवीतून एक रंगीत छायाचित्र काढले. ते त्यांच्या आईचे होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घर पडले, त्यात ती गेली. दगडमातीच्या ढिगाऱ्यातून हे एकच चित्र निघाले. मधोमध घडी पडलेली, रंग तांबूस झालेले. मुलाने त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन जुन्या लॅपटॉपवर ते सुधारले होते. वडील एवढेच म्हणाले, “सर, आईचं लुगडं हिरवं होतं. यानं निळं केलंय.”

मग यादीतून ग्राफिक्स कार्ड व रंगीत दिवे खोडले. त्या पैशांत चांगला मॉनिटर, कामापुरती एक टेराबाइटची एसएसडी आणि दोन निराळ्या हार्ड डिस्क बसल्या. एका लग्नाची दोन हजार कच्ची चित्रे, प्रत्येकी 25 ते 30 मेगाबाइट, म्हणजे 50 ते 60 गिगाबाइट होतात. त्यांची एक प्रत घरी व दुसरी लातूरास मामांकडे ठेवावी असे ठरले. एकाच छपराखाली दोन्ही प्रती ठेवू नयेत, हे किल्लारीकडच्या माणसास समजावून सांगावे लागले नाही. आजीचे मूळ चित्र स्कॅनरवर 600 डीपीआयने घ्यावयाचे व टिफ स्वरूपात जपावयाचे, हेही लिहून दिले.

नाताळच्या सुमारास टपालाने एक पाकीट आले. आत नवी छापील प्रत होती. घडीची रेघ कपाळाजवळ अजून थोडी दिसते. लुगडे मात्र हिरवे आहे. मागच्या बाजूस वडिलांच्या अक्षरात लिहिले होते: “हाच रंग.”