एक शिक्षक, पंधरा मुलं, चार वर्षं : प्रॉव्हिडन्सची ‘मेट’ शाळा

चौकटीत न बसणाऱ्या मुलांसाठी वेगळी शाळा म्हटलं की आपल्याला एखादी महागडी खाजगी शाळाच आठवते. पण अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स शहरात, अशी एक शाळा सरकारी खर्चाने चालते. तिचे पूर्ण नाव मेट्रोपॉलिटन रीजनल करिअर अँड टेक्निकल सेंटर. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळे तिला ‘द मेट’ म्हणतात. डेनिस लिट्की आणि एलियट वॉशर या दोघांनी 1996 मध्ये ती सुरू केली. वर्ग नववी ते बारावी. मुले बरीचशी गरीब घरांतली.

या शाळेबद्दल सांगताना लोक आधी सांगतात ते कामाचं. आठवड्यातले दोन दिवस मुलं शाळेत नसतातच. ज्याला ज्याची आवड, तिथे तो जातो. कुणी दवाखान्यात, कुणी गॅरेजमध्ये, कुणी वास्तुविशारदाच्या ऑफिसात. तिथला एक जाणता माणूस त्याचा मार्गदर्शक असतो, आणि त्या कामातूनच वाचन, लेखन, हिशेब असा अभ्यास ठरतो.

मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. साधारण पंधरा मुलांचा एक गट आणि त्यांचा एकच शिक्षक, तोही चारही वर्षे तोच! तो विषय शिकवणारा नसतो, मुलाला ओळखणारा असतो. प्रत्येक मुलाची अभ्यास योजना वेगळी. ती ठरवायला शिक्षक, मूल, पालक आणि कामाच्या ठिकाणचा मार्गदर्शक एकत्र बसतात. म्हणजे पालक सहीपुरते बोलावलेले नसतात.

परीक्षेऐवजी तिथे सादरीकरण असते. काय केलं, काय जमलं नाही, पुढे काय करणार, हे मुलाने या सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. त्यावर प्रश्न विचारले जातात. गुण नाहीत. शिक्षक त्या मुलाबद्दल सविस्तर लिहून देतो.

इथे आपल्याला आकारिक मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी आठवतील. कल्पना तीच आहे हो. पण जूनपासून साठ मुलं, शिवाय ऑनलाइन माहिती, पोषण आहार, सर्वेक्षण. मग तयार नोंदींची पीडीएफ शोधली जाते आणि ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’ हे वाक्य वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाच्या नावापुढे जाऊन बसतं. दोष शिक्षकाच्या आळसाचा कमी, संख्येचा जास्त. पंधरा मुलं असती तर नोंद शोधावी लागली नसती, आठवली असती.

एक शंका मला आहेच. आवडीच्या कामातून भाषा येईल, बोलायचा धीर येईल, पण बीजगणित? गॅरेजमध्ये टक्केवारी भेटते, वर्गसमीकरण आपणहून भेटत नाही. ते कुणीतरी बसून, क्रमाने शिकवावंच लागतं. अशा शाळेतल्या शिक्षकाला त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार, नाहीतर पुढे कॉलेजात गेल्यावर त्याची किंमत ते मूलच मोजणार.

नववीत रुसलेलं, शाळा नको म्हणणारं मूल दहावीत गेलं की आपल्याकडे वर्गशिक्षक बदलतो. मेटमध्ये तोच माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा समोर असतो, आणि गेल्या वर्षी ते का रुसलं होतं हे त्याला माहीत असतं.