मोह आला म्हणून घाबरू नकोस गं

"ताई, मी रोज प्रार्थना करते, तरी मनात नको ते येतंच. म्हणजे माझा विश्वासच खोटा का?" असं विचारलंस ना, त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही गं, खोटा नाही. मोह येणं आणि पाप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून बघ. प्रभू येशूचा यार्देन नदीत नुकताच बाप्तिस्मा झाला होता, पित्याने त्याच्यावरची प्रीती उघड बोलून दाखवली होती, आणि लगेच रानात त्याची परीक्षा झाली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही हेच आहे: आपल्यासारखीच त्याची सर्व प्रकारे पारख झाली, तरी तो निष्पाप राहिला. ज्याने हे सोसलंय त्याच्यापाशी लाजायचं कशाला? मनात काय आलं ते नाव घेऊन सांग त्याला.

आता ती परीक्षा केव्हा आली तेही बघ. चाळीस दिवस उपास, आजूबाजूला माणूस नाही, आणि सैतानाने पहिला विषय काढला तो भाकरीचा. खरं सांगू का, आपल्यालाही मोह असाच गाठतो, पोट रिकामं आणि खोली रिकामी असताना. तू नगर सोडून जबलपूरला शिकायला आलीस. दिवसभर हिंदी बोलायचं, मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही, रूममेट घरी गेलेली, रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि हातात मोबाइल. या घडीला तू कमजोर पडतेस, कारण तू दमलेली असतेस. म्हणून माझा पहिला सल्ला स्वयंपाकघरातला: रात्री नीट जेव. मेसमध्ये भाजी नसेल आवडत तर वरण-भात तरी खा, वर चमचाभर तूप घे. आणि वेळेवर झोप. हे काही विश्वासाबाहेरचं बोलत नाही हं मी. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी काय दिलं? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. मग झोपू दिलं, उठवून परत खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं.

दुसरं, निर्णय आधी घेऊन ठेव. कौलं वैशाखात शाकारतात, पाऊस सुरू झाल्यावर नाही. दानीएल परक्या राजाच्या वाड्यात होता, पण ताट पुढे येण्याआधीच त्याचं मनात ठरलेलं होतं. येशूनेही रानात तीनही वेळा अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं. ती त्याला पाठ होती म्हणून ऐन वेळी ओठांवर आली. तूही तीनच निवड. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातलं तेरावं, स्तोत्र ११९ मधलं अकरावं, आणि याकोबाच्या पहिल्या अध्यायातलं चौदावं. कार्डावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव, दुसऱ्या कुणाला दिसायची गरज नाही. आणि एक लक्षात ठेव, वचन सैतानानेही वापरलं होतं, स्तोत्रसंहितेतलं. तेव्हा उद्या कुणी गोड बोलून "देव म्हणजे प्रेमच, मग यात कसलं पाप?" असं म्हणाला तर भुलू नकोस. पुस्तक उघड आणि मागचं-पुढचं सगळं वाच.

तिसरं, पळायला शीक. उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातला योसेफ आठव. परका देश, घरचं कुणी बघायला नाही, पोटीफराची बायको रोज मागे लागलेली. त्याने तिला समजावलं होतंच, पण शेवटी वस्त्र तिच्या हातात टाकून तो सरळ बाहेर पळाला. यात भित्रेपणा नाही गं, शहाणपण आहे. वर्गातली मंडळी भेडाघाटला निघाली तर जा की! संगमरवरी कडे बघ, धुवांधार बघ, हस-खेळ. पण परतीची सोय आपल्या हातात ठेव आणि बरोबर एक विश्वासाची मैत्रीण घे. ग्लास पुढे आला तर "मी घेत नाही" एवढंच म्हण. कारणं देत बसलीस की समोरचा एकेक कारण खोडत बसतो. एखादा मुलगा आवडत असेल तर तेही पाप नाही, पण बंद खोलीत भेटायचं नाही, हे आजच ठरव. तुझं "नको" ज्याला खपत नाही, त्याची प्रीती किती खोल ते तिथेच कळेल.

मोबाइलचंही तेच. रात्री दहानंतर तो अंथरुणापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव आणि उठायला साधं गजराचं घड्याळ आण. जे ॲप उघडलं की तू वाहवत जातेस ते काढून टाक. पैसे लावून खेळायचे खेळ तर आधी काढ, संसदेनेही २०२५ साली त्यांच्यावर बंदीचा कायदा केलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटी झुंजू नकोस. गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः तिघा शिष्यांना "माझ्यासोबत जागे राहा" अशी गळ घातली. त्याला सोबत हवीशी वाटली, मग तुला वाटली तर त्यात कमीपणा कसला? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई याच भागात, तेव्हाच्या मध्य प्रांतात, आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं, तेव्हा तिथल्या मुली मिळून प्रार्थनेला बसत. आधी अन्न आणि आसरा, मग एकत्र प्रार्थना, असं ते घर उभं राहिलं.

जबलपुरात मंडळ्यांना तोटा नाही. पाळक घडवणारं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज तर १९२३ पासून याच शहरात आहे. उपासना हिंदीत आहे म्हणून मागच्या बाकावर बसून निघून येऊ नकोस. थांब, ओळख करून घे. पाळकबाई असोत नाहीतर एखादी वडीलधारी बाई, अशी एक गाठ की जिला रात्रीही "माझ्यासाठी प्रार्थना करा" असा निरोप पाठवता येईल. मराठीसाठी जीव तुटला तर 'उपासना संगीत' उशाशी ठेव आणि रेव्हरंड टिळकांची गीतं मोठ्याने म्हण. रूममेटला आवडतील बघ.

एक मात्र वेगळं काढून सांगते. कुणी जबरदस्ती केली, फोटो दाखवून धमकावलं, पैसे मागितले, तर तो तुझा मोह नाही आणि तुझं पापही नाही. तो गुन्हा आहे, त्याचा. गप्प बसायचं नाही. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३०, जिवाला धोका वाटला तर ११२, आणि मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६. प्रार्थना कर आणि फोनही कर, दोन्ही.

आणि समजा, पाय घसरलाच, तर? तरी लपून बसायचं नाही. शेकोटीपाशी उभं राहून पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं होतं. योहानाचा एकविसावा अध्याय वाच. पुनरुत्थानानंतर गालील समुद्राच्या काठी प्रभूने निखारे पेटवले, मासे आणि भाकर तयार ठेवली, सगळ्यांना न्याहारी दिली. प्रीतीचा प्रश्न त्याने पेत्राला विचारला तो त्यानंतर, आणि लगेच मेंढरं सांभाळायचं कामही सोपवलं. तुझ्या पडण्याने त्याचं तुझ्यावरचं प्रेम आटत नाही आणि तुझ्यासाठीचं कामही रद्द होत नाही. त्याच दिवशी कबूल कर, रडायचं तेवढं रड, तोंड धू आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जा.

तुला हे सगळं एकदम जमणार नाही, मला माहीत आहे. पण तुझ्या अंगात बळ आहे, घर सोडून एवढ्या लांब आलीस ते काय उगीच? या आठवड्यात तीनच गोष्टी कर: रात्रीचं जेवण चुकवायचं नाही, मोबाइल अंथरुणापासून लांब, आणि मंडळीत एका बाईशी ओळख. रविवारी उपासना झाली की मला फोन कर आणि तिचं नाव सांग.