स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ आणि आपले ‘बोले’

स्पॅनिश शिकू लागलेला विद्यार्थी भूतकाळापाशी हमखास अडखळतो, कारण त्या भाषेत साधे भूतकाळ दोन आहेत. एक घडून संपलेल्या क्रियेचा, दुसरा चालू असलेल्या किंवा नित्य घडणाऱ्या क्रियेचा. या दुसऱ्या, म्हणजे अपूर्ण भूतकाळाचा विचार आम्ही येथे ‘आब्लार’ म्हणजे ‘बोलणे’ या नियमित क्रियापदाच्या आधारे करीत आहोत.

‘आब्लार’मधील शेवटचे ‘आर’ काढून प्रत्यय लावावेत. मी आब्लाबा, तू आब्लाबास, तो किंवा ती आब्लाबा, आम्ही आब्लाबामोस, तुम्ही आब्लाबाइस, ते आब्लाबान. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’साठीही ‘आब्लाबान’च वापरतात. ‘एर’ व ‘इर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ईआ’ लागतो: कोमेर (खाणे) – कोमीआ, बिबिर (राहणे) – बिबीआ. अपवाद तीनच: असणे, जाणे आणि पाहणे. इतका सोपा काळ त्या भाषेत क्वचितच सापडेल.

‘मी’ आणि ‘तो’ यांचे रूप एकच कसे, असे विद्यार्थी विचारतात. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपला रीतिभूतकाळ पाहावा: मी बोले, तो बोले, ती बोले. येथेही रूप एकच आणि लिंगभेद नाही. स्पॅनिशमध्ये कर्ता बहुधा गाळतात; संदिग्धता असेल तेथे मात्र ‘यो’ (मी) किंवा ‘एल’ (तो) स्पष्ट लिहावे लागते.

खरी अडचण रूपांची नसून निवडीची आहे. ‘मि आबुएला आब्लाबा केचुआ’ म्हणजे ‘माझी आजी केचुआ बोलत असे’. पेरू वा बोलिव्हियातील नातवाने हे वाक्य उच्चारले, तर त्यात आजीच्या घरातली रोजची भाषा येते. तेथे ‘आब्लो’ (आघात शेवटच्या ‘ओ’वर) लिहिले, तर आजी एखाद्या प्रसंगी केचुआ बोलली, एवढेच उरते. व्याकरण शुद्ध राहते, आजीची भाषा मात्र जाते.

उलट ‘मी आलो तेव्हा आजी बोलत होती’ येथेही ‘आब्लाबा’च. म्हणून मराठीत आणताना ‘असे’ की ‘होती’, हे संदर्भावरून ठरवावे. ‘सिएम्प्रे’ म्हणजे ‘नेहमी’ हा शब्द जवळ असल्यास बहुधा ‘असे’. १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दोन किखोते’च्या पहिल्याच वाक्यात नायकाविषयी ‘बिबीआ’ आले आहे. तेथे ‘राहत असे’ लिहावे, ‘राहिला’ नव्हे.