साडेतीनचा वाद

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या रावेरात पत्ते बसतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळी होते आणि ऊन कललं की ओट्यावर पुरुषांचा डाव पडतो. त्यामुळे पुण्यात शिकणारी माझी भाची आजोळी आली आणि तिनं पिशवीतून चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे काढून सतरंजीवर ओतले, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "पैसे किती लावायचे?"

"पैसे नाहीत, मामा. यात कोणी जिंकतही नाही."

"मग खेळायचं कशाला?"

"बसा तर खरं."

बसलो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ असं त्या खेळाचं नाव. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली पहिल्यांदा छापून आला. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या लुटुपुटूच्या लढायांतून तो निघाला. फरक एवढाच की इथे पलटण नसते. प्रत्येकाकडे एकच माणूस, म्हणजे त्याचं ‘कॅरॅक्टर’. एक जण गोष्ट चालवतो, त्याला ‘डीएम’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा.

आमची डीएम भाचीच. खेळणारे चौघं: मी, केळीबागा सांभाळणारा माझा चुलतभाऊ, त्याचा इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा आणि शेजारची नववीतली पोरगी. एप्रिल-मेच्या उकाड्यात रावेरात माणसं जेवून गच्चीवर जातातच. तिथेच सतरंजी टाकून रोज रात्री दोन तास, असे पंधरा दिवस ठरले. अकराव्या रात्री खेळ मोडला, आणि तो मी मोडला. कसा मोडला ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गच्चीवर तसं होणार नाही.

माझं आयुष्य सहकारी संस्थेच्या हिशेबात आणि पोटनियमांत गेलं. नियमांचं जाड पुस्तक हातात पडलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. कॅरॅक्टरला सहा गुण असतात. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप, अशी नावं आम्ही दिली. गुण ठरवण्याची एक रीत अशी: प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो आणि वाढवायला तुमच्याकडे २७ पॉइंट असतात. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. म्हणजे १५ ला नऊ पॉइंट. मी हिशेब मांडला: नऊ त्रिक सत्तावीस. ताकद, चपळाई, दम तिन्ही १५. बुद्धी, शहाणपण, छाप तिन्ही ८. पै न् पै वसूल.

मग व्हिडिओ पाहून वीस लेव्हलांचा, म्हणजे कॅरॅक्टर एकेक करून चढत जातं त्या टप्प्यांचा, आराखडा आखला. कॅरॅक्टरचा पेशा म्हणजे त्याचा ‘वर्ग’: तीन लेव्हल ‘फायटर’, मग ‘रोग’ म्हणजे लपून वार करणारा भामटा, मग पुन्हा फायटर. "रोग?" चुलतभाऊ म्हणाला. "केळीवर करपा काय कमी आहे भो, की तू आणखी एक रोग घेतोस?" त्यानं स्वतः एक साधा ‘बार्बेरियन’ घेतला आणि अर्ध्या पानात त्याचं काम आटोपलं. मला त्याची कीव आली.

पहिला दणका सहाव्या रात्री बसला. एका दुष्ट पुजाऱ्यानं माझ्यावर जागच्या जागी थिजवणारा मंत्र टाकला. तो झटकायला शहाणपणाचा फासा लागतो. माझं शहाणपण ८, म्हणजे फाशात एक उणे. पुजाऱ्याचा आकडा ११, म्हणून मला फाशावर बारा तरी पडायला हवे होते. तीन वेळा नाही पडले. माझा तिहेरी पंधराचा पहिलवान दगडासारखा उभा, आणि नववीतल्या पोरीची ‘ड्रुइड’, म्हणजे रानची जादूगारीण, त्याच्यापुढे उभी राहून वार झेलतेय. गावच्या पाटलाशी बोलणी करायची वेळ आली तेव्हाही छाप ८, त्यामुळे मी तोंड उघडलं की काम बिघडायचं.

दुसरा दणका पाचव्या लेव्हलला. तिथे खेळ एकदम पालटतो. पुतण्याच्या ‘विझर्ड’ला आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळाला, सहा बाजूंचे आठ फासे एका दमात. बार्बेरियनला एका पाळीत दोन वार मिळाले. मी मात्र तीन लेव्हल फायटर, दोन लेव्हल रोग. फायटरचा जादा वार त्या वर्गाच्या पाचव्या लेव्हलला मिळतो, गुण वाढवण्याची संधी चौथ्याला. मी दोन्हीच्या अलीकडे अडकलेला. "अकराव्या लेव्हलला बघा," मी म्हणालो. चुलतभाऊ हसला. "निसवायच्या आधीच सुट्टी संपेल भो तुझी. केळ लावताना माणूस पुढचा मे महिना बघतो. घड लागायच्या आत वावधन आलं तर बाग आडवी." खरं होतं. आमच्याकडे पंधरा रात्री होत्या आणि मी वीस लेव्हलांची लागवड केली होती.

हे शल्य मनात घेऊनच मी अकराव्या रात्री बसलो. पुलावर दरोडेखोरांशी लढाई. माझ्या दोन्ही हातांत दोन आखूड तलवारी. पहिला वार लागला, त्यावर रोगचा ‘स्नीक अटॅक’ म्हणजे गाफील शत्रूवरचा जादा मार धरला. दुसऱ्या हाताचा वारही लागला. त्यावरही मी जादा मार मागितला.

"मामा, एका पाळीत एकदाच मिळतो," भाची म्हणाली.

मी पुस्तक ओढलं. मोबाइलवर व्हिडिओ लावला. पोटनियमाचा अर्थ लावताना जे जे केलं असतं ते सगळं केलं. ती दोनदा तेच म्हणाली, तिसऱ्यांदा आवाज बारीक झाला, मग ती गप्प झाली. पुतण्या खाली जाऊन पाणी पिऊन आला. शेजारची पोरगी सतरंजीवर झोपून गेली. चाळीस मिनिटं झाली होती.

शेवटी ती ओळ सापडली. ‘एका पाळीत एकदा’ असंच छापलेलं होतं. मी हरलो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहा देताना म्हणाली, "ती म्हणते, मला नाही चालवायचं. मामांना गप्प कसं बसवू?" तेव्हा मला माझी खरी चूक कळली. बाहेरच्या एखाद्या पोरानं असा वाद घातला असता तर तिनं त्याला दोन शब्दांत आवरलं असतं. पण आपल्या घरात भाची मामाला गप्प बस म्हणत नाही. मी नियमाच्या जोरावर भांडतोय असं मला वाटत होतं. खरा जोर वयाचा होता.

आणि भांडण कशासाठी? त्या लेव्हलला जादा मार म्हणजे सहा बाजूंचा एक फासा. त्याची सरासरी साडेतीन. चुलतभावाला सांगितलं तर म्हणाला, "आखाजी साडेतीन मुहूर्तांतली, आणि तुझा फायदाही साडेतीनच."

दिवाळीला भाची पुन्हा आली. मी स्वतः तिच्याकडे गेलो, चूक कबूल केली, आणि पाडव्याला, म्हणजे त्या साडेतीनांतल्या अर्ध्या मुहूर्तावर, आम्ही नव्यानं बसलो. तेव्हापासून जे पाळतो ते इथे मांडतो.

कॅरॅक्टर लिहायला घेण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: किती बैठका होणार, कोणत्या लेव्हलपासून सुरुवात, बाकीच्यांनी काय घेतलंय, आणि पुस्तक कोणतं. शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ ची, आणि तिचं सुधारलेलं पुस्तक २०२४ चं. मी २०१४ चे व्हिडिओ बघून २०२४ च्या पुस्तकावर भांडत होतो. जुन्यात औषधाची कुपी पिण्यात पाळीतली मुख्य कृती खर्च होते, नव्यात ती जोडकृतीत, म्हणजे मुख्य कृतीसोबतच्या छोट्या कृतीत, बसते. जखम भरण्याचा पहिला मंत्र जुन्यात आठ बाजूंचा एक फासा देतो, नव्यात दोन. दोन माणसं दोन पुस्तकांतून बोलली तर दोघंही बरोबर असतात आणि भांडण मात्र मिटत नाही. पुस्तकं महाग वाटली तर अडू नका. जानेवारी २०२३ मध्ये मूळ नियमांचा संग्रह मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्यात बाराही वर्ग आहेत. सुरुवातीला तेवढं पुष्कळ होतं.

आधी एक वाक्य लिहा, आकडे नंतर. माझं नवं वाक्य असं होतं: सातपुड्यात पालच्या वाटेवर वाटसरूंना पाणी पाजणारा म्हातारा पुजारी, ज्याला ड्रुइडच्या आजीनं एकदा सापाच्या विषातून वाचवलं होतं. या वाक्यात त्याचं काम आहे, त्याची उणीव आहे (म्हातारा आहे, धावू शकत नाही), आणि बैठकीतल्या दुसऱ्या कोणाशी नातं आहे. नातं नसलेलं कॅरॅक्टर कितीही जबर असलं तरी एकटंच खेळत राहतं.

आकडे मांडताना एक मेख ध्यानात ठेवा. फाशात मिळवायची रक्कम दोन-दोनांनी वाढते: १० किंवा ११ ला शून्य, १२-१३ ला एक, १४-१५ ला दोन. म्हणजे १४ आणि १५ यांचं फळ सारखंच. पंधराव्यासाठी मोजलेले दोन पॉइंट पुढे गुण वाढला तरच कामी येतात. किचकट वाटत असेल तर १५, १४, १३, १२, १०, ८ हा तयार संच घ्या. कामाच्या गुणाला १५, दमाला १३-१४, आणि ८ एकाच जागी, जिथे पडलेलं तोंड बघायला मजा येईल. माझ्या पुजाऱ्याची बुद्धी ८ आहे. तो नकाशा उलटा धरतो. आणि एकाच्या फरकासाठी रात्र जाळू नका. वीस बाजूंच्या फाशावर अधिक एक म्हणजे वीस वेळा टाकल्यावर साधारण एकदा फरक पडणार.

दोन वर्ग मिसळायचे असतील तर दोन्हीच्या मुख्य गुणात किमान १३ लागतात, ही झाली नियमाची अट. माझी अट अशी की पाचव्या लेव्हलपर्यंत एकच वर्ग. आराखडा वीस लेव्हलांचा आखा हवा तर, पण आजच्या आणि पुढच्या लेव्हलला तुम्ही काय करू शकता ते कागदाच्या वरच्या टोकाला लिहा. तिथे काही नसेल तर आराखडा फाडा.

नियम वाचताना शब्दाला चिकटा. ‘फेरी’ म्हणजे सगळ्यांचं एकेकदा होणं, सहा सेकंदांचा काळ; ‘पाळी’ म्हणजे एकट्याची. माझा वाद ‘पाळी’ या शब्दावरच उभा होता. गंमत म्हणजे शत्रू पळू लागला आणि दुसऱ्याच्या पाळीत मला उलट वार करता आला, तर तिथे जादा मार पुन्हा मिळाला असता. नियमानं मला वाट ठेवली होती, मी भलत्याच दारावर डोकं आपटत होतो. दुसरं, विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो आणि भागाकारातला अपूर्णांक सोडून द्यायचा, हे पुस्तकच सांगतं. अर्धे वाद एवढ्यावर मिटतात.

आणि प्रश्न कसा विचारायचा? "नियमात असं आहे" अशी सुरुवात करू नका. "मला पुलाच्या कठड्यावरून उडी मारून त्याच्या मागे जायचंय, जमेल का?" असं विचारा. डीएमला काय हवंय ते कळतं, आणि ती वाट काढते. उत्तर पटलं नाही तर एकदाच म्हणा, दोन मिनिटांत. मग तिचा निर्णय त्या रात्रीपुरता शेवटचा. शंका वहीत टाका, खेळ संपल्यावर पुस्तक उघडा. चूक निघाली तर पुढच्या बैठकीपासून दुरुस्ती. झालेली लढाई उकरायची नाही. आमची वही दोनशे पानी आहे आणि पहिली सहा पानं माझ्याच अक्षरात आहेत. त्यातल्या बऱ्याच शंका सकाळी वाचल्यावर मीच खोडल्या.

बैठकीत कोणी वयानं मोठं असेल तर ही शिस्त त्यानं दुप्पट पाळायची, कारण त्याला कोणी आवरणार नाही.

गेल्या दिवाळीची गोष्ट. गोष्टीतली नदी फुगलेली, नाव नाही. नववीतली पोरगी, आता दहावीत गेलेली, म्हणाली, "काठावर केळी आहेत का?" भाचीनं क्षणभर विचार करून होकार दिला. "मग खांबांचा तराफा करू." तराफ्याचा नियम काही कोणाला आठवेना. सगळे माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात चुलतभाऊच सांगू लागला, खांब कसे तोडायचे, बांबू आरपार कसा घालायचा, दोर कुठे आवळायचा. भाचीनं पंधराचा आकडा ठेवला. पोरीनं फासा टाकला. नऊ पडले, वरचे तीन धरून बारा.

तराफा मधोमध सुटला. माझ्या तोंडावर आलं होतं की एक खांब किती किलो पेलतो ते आधी ठरवायला हवं. पुजारी म्हातारा, पोहता येत नाही. मी तो प्रश्न वहीत लिहिला आणि म्हणालो, "मी दोर धरून ठेवतो. ड्रुइडला आधी काठाला लावा."