दोन कर्जत, दोन सुपे

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे मला फोन येऊ लागतात. मी नगरचा, त्यात फिरण्याची खोड जगजाहीर. "मुलांना प्राणी दाखवायचेत रे, दोन दिवसांत काय काय होईल?" यादी त्यांच्याकडे तयारच असते: रेहेकुरी, भंडारदरा, जायकवाडी आणि परतताना कात्रज. यादीत नाव ठेवण्यासारखं एकही ठिकाण नाही. फक्त ही ठिकाणं एकाच महिन्यात बघण्याजोगी नसतात. जायकवाडीच्या पाण्यावर पक्षी येतात ते थंडीत. भंडारदऱ्याचे काजवे मेच्या अखेरीपासून जोराचा पाऊस लागेपर्यंत. रेहेकुरीचे काळवीट बारमाही खरं, पण ते सकाळी लवकर किंवा ऊन कललं की. म्हणून मी आता आधी महिना विचारतो, किलोमीटर नंतर.

पहिली फजिती नकाशावर होते. रेहेकुरीचं अभयारण्य नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आहे. माझ्या मावसभावाने मुंबईहून पहाटे निघताना फोनमध्ये नुसतं 'कर्जत' टाकलं आणि साडेआठला मला विचारलं, "स्टेशनाजवळ वडापाव खातोय, अभयारण्य कुठल्या बाजूला?" तो रायगडातल्या कर्जतला पोचला होता. दोन कर्जतांमध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर आहेत. सुप्याचंही तसंच. नगर-पुणे रस्त्यावर पारनेर तालुक्यातलं सुपे लागतं, ते एमआयडीसीचं. चिंकारांचं मयूरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ आहे. भर म्हणून नगर जिल्ह्याचं नाव बदललंय, त्यामुळे एका पाटीवर अहमदनगर तर दुसरीवर अहिल्यानगर. तेव्हा गावाचं नाव टाकू नका, अभयारण्याचं टाका, आणि जिल्हा बघूनच गाडी सुरू करा.

आता रेहेकुरी. 1980 सालचं हे अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. जंगल म्हणून आलेली मुलं हिरमुसतात, कारण समोर दिसतं ते माळरान, गवत आणि बाभळी. त्यांना निघण्याआधीच सांगा की काळवीट हे माळाचं जनावर आहे, त्याला दाट झाडी नको असते, लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा हवी असते. नगरहून सोलापूर रस्त्याने मिरजगाव आणि तिथून कर्जत. नगरमधून उजाडायच्या आत निघालात तर वेळेत पोचता. नाश्ता करून, अंघोळी उरकून दहाला निघणारे भर दुपारी तिथे पोचतात. तोवर कळप झुडपांच्या सावलीला बसलेले असतात आणि मुलं गाडीतला एसी सोडायला तयार नसतात.

सकाळी मात्र बघण्यासारखं असतं. पिळदार शिंगांचा काळा नर आपली हद्द राखत मान वर करून चालतो, भुऱ्या माद्या चरत असतात. पायवाट सोडून फोटोसाठी जवळ जाऊ नका. एक मादी उधळली की सगळा कळप उड्या मारत जातो आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला नुसती धूळ. अभयारण्याबाहेर शेतांतही काळवीट दिसतात. पिकाची नासधूस करतात म्हणून शेतकरी त्यांच्यावर वैतागलेला असतो. त्याच्या बांधावर उभं राहून "किती गोड" म्हणताना आवाज जरा खाली ठेवलेला बरा. मोटारसायकलने हरणांमागे लागणारे महाभागही मी पाहिलेत. काळवीट 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

जोडीला दुसरं ठिकाण हवंच असेल तर थंडीत राशीनमार्गे भिगवण गाठा. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला कुंभारगावातून होड्या मिळतात. शिरसुफळ आणि कडबनवाडीला वनविभागाची गवताळ माळावरची सफारी आहे, पण तिचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं. माळढोकाच्या नावावर मात्र या बाजूला येऊ नका. 1979मध्ये सोलापूर-नगर मिळून 8,496 चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं होतं. पुढे त्याचं क्षेत्र फार कमी केलं आणि पक्षी तर जवळजवळ नाहीसाच झाला.

भंडारदऱ्याचा, म्हणजे अकोल्याकडचा कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर ही वेगळीच सहल. ती रेहेकुरीला जोडणं म्हणजे जिल्ह्याचं एक टोक दुसऱ्याला बांधणं. काजव्यांच्या दिवसांतल्या एका शनिवारी घाटघरच्या रस्त्यावर आम्ही काजव्यांपेक्षा गाड्यांचे लाल दिवेच जास्त पाहिले. काजवा जोडीदाराला प्रकाशानेच खूण करतो. त्यावर हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या मारल्या की त्याचा सगळा संसारच अडतो. मधल्या वारी जा, उजेड असतानाच गावात मुक्कामाला पोचा, गाडी तिथेच ठेवा आणि गावातला माणूस बरोबर घेऊन चालत जा. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लखलखताना बघायला बॅटरी लागत नाही.

कात्रजला स्वतंत्र दिवस द्या. प्राणीसंग्रहालय, सर्पोद्यान आणि तळं धरून चालणं बरंच होतं, आजी-आजोबा बरोबर असतील तर बॅटरीवरच्या गाडीची चौकशी आत शिरतानाच करा. बुधवारी ते बंद असतं, भायखळ्याची राणीची बागही बुधवारीच बंद असते, तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी. सुट्टीचा वार न बघता निघालेली कुटुंबं दाराशी रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

शेवटी सगळे विचारतात, बिबट्या दिसेल का? आमच्याकडे बिबट्या अभयारण्यापेक्षा उसात जास्त. संगमनेर, राहुरी, अकोले या पट्ट्यात मादी फडातच पिलं घालते. त्याला शोधत अंधारात फिरू नका. लघवीसाठी उसाच्या कडेला गाडी थांबवून लहान मुलाला एकटं उतरवू नका, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलवर थांबा. गाळप हंगामात तर अंधार पडल्यावर मी या रस्त्यांवर गाडी घालतच नाही, आणि त्याचं कारण बिबट्या नाही. उसाने काठोकाठ भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि तो दिसतो तोवर ब्रेकला जागा उरलेली नसते.