बालकांचा अतिसार : रोगाचे ज्ञान व वर्गातील पाठ

पोटाचे विकार अनेक आहेत. अजीर्ण, आम्लपित्त, बद्धकोष्ठ, आमांश, जंत ही नावे शिक्षकांच्या कानावर नित्य पडतात. यांतील बहुतेक विकार माणसाला दीर्घकाळ त्रास देतात. परंतु लहान मुलाच्या प्राणावर एका दिवसात बेतू शकेल असा विकार म्हणजे अतिसार होय. खेड्यात यालाच ढाळ किंवा हगवण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी ५ वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार बालके या रोगाने दगावतात. यांतील बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, आणि ते टाळण्याचे साधन प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहे. म्हणून या विषयाचे ज्ञान दवाखान्यापुरते मर्यादित न राहता शाळेतून घरोघर पोचणे आवश्यक आहे.

पचनसंस्था व पाणी

अतिसार समजण्यासाठी आतड्याचे नेहमीचे काम प्रथम ध्यानात घ्यावे. प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर व मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. माणूस दिवसाकाठी साधारण २ लिटर द्रव तोंडावाटे घेतो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा स्वतःचा रस मिळून आणखी सुमारे ७ लिटरची भर पडते. या ९ लिटरांपैकी जवळजवळ सर्व पाणी आतडे पुन्हा शोषून घेते. मलावाटे बाहेर जाते ते अवघे १०० ते २०० मिलिलिटर. म्हणजेच आतडे हे जसे अन्न पचविणारे इंद्रिय आहे, तसेच ते पाणी राखणारे इंद्रियही आहे.

रोगजंतूंनी हे काम बिघडविले, की पाणी शोषले जाण्याऐवजी बाहेर पडू लागते. दिवसातून ३ किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झाल्यास त्याला अतिसार समजावे. रोटाव्हायरस, शिगेला, पटकीचे जंतू असे अनेक सूक्ष्म जीव याला कारण होतात. परंतु त्यांचा प्रवास बहुधा एकाच मार्गाचा असतो. रोग्याच्या मलातून ते पाण्यात, मातीत, हातांवर व माश्यांच्या पायांवर जातात आणि तेथून दुसऱ्याच्या तोंडात पोचतात. पटकीच्या जंतूंचे विष आतड्यात पाणी ओतावयास लावते, हे कलकत्त्याचे शास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांवरील प्रयोगांनी दाखवून दिले.

मृत्यूचे खरे कारण

अतिसारात बालक मरते ते बहुधा जुलाबांमुळे नव्हे, तर जुलाबांवाटे शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. हा भेद शिक्षकांनी नीट समजून घ्यावा, कारण घरोघरी आढळणारी घातक समजूत येथेच उत्पन्न होते. ‘पाणी दिले की ढाळ वाढतात, म्हणून पाणी बंद करावे’ असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यांचा हेतू मायेचाच असतो. पण परिणाम असा होतो की, एका वाटेने पाणी जातच राहते आणि दुसऱ्या वाटेने येणारे पाणी थांबते. मग डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते, रडताना आसवे येत नाहीत, लघवी कमी होते आणि पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली असता सावकाश पूर्ववत होते. ही शोषाची लक्षणे होत. यापुढची पायरी म्हणजे ग्लानी.

जलसंजीवनीचा शोध

केवळ साधे पाणी पाजून ही तूट पुरती भरून निघत नाही, कारण क्षारही गेलेले असतात. पूर्वी यावर शिरेतून सलाईन देणे हाच उपाय मानीत. परंतु आतड्याचा एक गुण रोगातही टिकून राहतो: मीठ व ग्लुकोजसाखर योग्य प्रमाणात एकत्र आली की आतडे ती दोन्ही आत घेते, आणि त्यांच्यामागून पाणीही आत ओढले जाते.

या तत्त्वाची मोठी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. सलाईनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाचे मिश्रण पिंपांत तयार करविले आणि रोग्यांच्या आप्तांकडूनच ते रोग्यांना पाजविले. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांमधील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले. जे काम परिचारिकेने सुई टोचून करावयाचे, ते आई वाटी-चमच्याने करू शकते, हे यावरून सिद्ध झाले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

उपचाराची रीत

आरोग्य केंद्रात व आशा स्वयंसेविकेकडे जलसंजीवनीची पुडी मिळते. पुडीवर लिहिले असेल तितक्याच, बहुधा १ लिटर, स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये व मिश्रण उकळू नये. २४ तासांनंतर उरलेले मिश्रण टाकून नवे करावे. पुडी मिळेपर्यंत १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून पेय करावे. मिठाचे प्रमाण वाढणे बालकाला अपायकारक आहे; सबब मोजमाप काटेकोर असावे.

प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर व मोठ्यास हवे तितके पेय घोटाघोटाने द्यावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मऊ भात, खिचडी, पेज, ताक, केळे हा आहार चालू ठेवावा. याच्या जोडीला वैद्यकीय सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस देतात. जुलाब थांबविणारी औषधे मुलांना आपल्या मनाने देऊ नयेत.

शौचात रक्त पडणे, वारंवार उलट्या, पेय घेता न येणे, फार ताप किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रोग्यास आरोग्य केंद्रात न्यावे, आणि वाटेतही पिता येत असेल तोवर पेय पाजत राहावे.

वर्गातील पाठ

इयत्ता चौथी ते सातवीसाठी हा पाठ एका तासिकेत घेता येतो. साहित्य म्हणून पत्र्याचा एक रिकामा डबा, खिळा, पाणी, पेला, लिटरचे माप व चमचा एवढे पुरे. डब्याच्या तळाशी खिळ्याने बारीक भोक पाडावे आणि डबा काठोकाठ भरून टेबलावर ठेवावा. पाणी गळू लागले की मुलांना विचारावे, ‘यात पाणी घातले नाही, तर काय होईल?’ डबा रिकामा होतो, हे मुले स्वतः पाहतील. नंतर डबा पुन्हा भरावा आणि एका विद्यार्थ्याला पेल्यापेल्याने पाणी ओतीत राहण्यास सांगावे. गळती थांबत नाही, परंतु डबा रिकामाही होत नाही.

या निरीक्षणातून पाठाचे मर्म काढून घ्यावे. जलसंजीवनीने ढाळ लागलीच थांबत नाहीत. पुष्कळ माता ‘गुण येत नाही’ असे समजून पेय देणे सोडतात, ते याच कारणाने. भोक बुजविण्याचे काम शरीर काही दिवसांत स्वतः करते. तोवर डबा रिकामा होऊ न देणे एवढेच पेयाचे काम आहे. हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्यावे. शेवटी दोन विद्यार्थ्यांकडून साखर-मिठाचे पेय मापाने तयार करून घ्यावे व इतरांनी मोजमाप तपासावे. गृहपाठ म्हणून प्रत्येकाने ही कृती घरच्या एका वडीलधाऱ्या माणसास करून दाखवावी.

शाळेने पाळावयाचे नियम

पाण्याचा माठ झाकलेला असावा व पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. पोषण आहारापूर्वी व शौचानंतर प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत. त्यासाठी साबण व पाणी जेवणाच्या जागेजवळच ठेवावे. स्वच्छतागृहात पाणी नसल्यास मुले, विशेषतः मुली, दिवसभर शौच रोखून धरतात व त्यांना बद्धकोष्ठ जडते. तिकडेही लक्ष असावे. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी मुलांनी गोळी चावून खाल्ली की नाही, हे शिक्षकांनी समक्ष पाहावे. जंत झालेल्या मुलाचे अन्न व रक्त दोन्ही चोरीस जाते, आणि अभ्यासात मागे पडणारे मूल पुष्कळदा मंद नसून अशक्त असते. एकाच वाडीतील अनेक मुले एकाच आठवड्यात पोटाच्या कारणाने गैरहजर राहिली, तर हजेरीपटावर खूण करून थांबू नये. ती वार्ता त्याच दिवशी आरोग्य सेवकास कळवावी. साथीची पहिली नोंद पुष्कळदा हजेरीपटातच सापडते.

प्राथमिक शाळेतील मुलगी आज धाकट्या भावाला कडेवर घेते आणि उद्या आई होते. १ लिटर पाणी, ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे माप तिला पाढ्याप्रमाणे मुखोद्गत असले, तर एखाद्या पावसाळी रात्री, ओढ्याला पूर आला असता व दवाखाना दूर असता, त्याच मापाने एका बालकाचे प्राण वाचतील.